विचारणारं कुणीतरी हवं : नगर जिल्ह्यातल्या संगणक संशोधनाचा मागोवा

२०१२ साली एका आंतरराष्ट्रीय परिषदेत मी वाचलेला पेपर आज कुठेच सापडत नाही. परिषदेचं संकेतस्थळ तीन वर्षांत बंद पडलं. पेपरांची सीडी माझ्याकडे आहे, पण ती लावायला आता आमच्या प्रयोगशाळेतल्या एकाही संगणकाला ड्राइव्ह नाही. प्रमाणपत्र तेवढं उरलं आहे: जाड कागद, सोनेरी किनार, खाली दोन सह्या. पेपर पाठवला सोमवारी आणि तो स्वीकारल्याचा मेल आला बुधवारी. त्या मेलमध्ये माझ्या कामाबद्दल एक ओळही नव्हती. बँक खात्याचा क्रमांक होता आणि पैसे भरायची शेवटची तारीख होती. रात्रभर प्रवास करून मी परराज्यातल्या त्या गावी पोचलो. दीपप्रज्वलन झालं, शाल-श्रीफळ झालं. माझ्या सत्रात एका तासात चौदा जण बोलले. मला सहा मिनिटं मिळाली. समोर बसलेले सगळे आपापल्या पाळीची वाट पाहत होते. सत्राध्यक्षांनी कुणाला काही विचारायचं आहे का म्हणून पाहिलं. कुणीच काही विचारलं नाही.

परतीच्या गाडीत मला झोप लागली नाही. पैसे गेले याचं फार वाटलं नाही. वर्षभर राबून केलेल्या कामाला एकही प्रश्न आला नाही, हे मात्र मनाला लागून राहिलं. संगणकशास्त्रात पेपर कुठल्या परिषदेला पाठवायचा, या प्रश्नाकडे तेव्हापासून मी वेगळ्या नजरेनं बघतो. परिषद निवडणं म्हणजे आपल्याला प्रश्न कोण विचारणार हे निवडणं. आमच्या जिल्ह्याला हे कळायला बराच काळ लागला. तो काळ कसा गेला, ते मांडून ठेवावंसं वाटतं.

सुरुवात १९८३ पासून करायला हवी. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यानं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याच वर्षी लोणीला प्रवरा, कोपरगावला संजीवनी आणि संगमनेरला अमृतवाहिनी ही महाविद्यालयं सुरू झाली. तिन्ही ठिकाणी सहकारी साखर कारखानदारीतून उभं राहिलेलं नेतृत्व मागे होतं. लोणीच्या मातीत तर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा करून दाखवला होता. ज्या गावांनी उसाचं गाळप शिकून घेतलं, त्यांनी आता आपल्या पोरांना इंजिनिअर करायचं ठरवलं. याच १९८३ साली वॉशिंग्टनमध्ये सीव्हीपीआर ही परिषद पहिल्यांदा भरली. संगणकाला चित्र ‘बघायला’ कसं शिकवायचं, या विषयातली ती आज जगातली सर्वांत मोठी परिषद आहे. ती परिषद आणि आमची महाविद्यालयं एकाच वर्षाची. पण पहिली तीसेक वर्षं एकाचं दुसऱ्याला नावही ठाऊक नव्हतं.

मी यांतल्याच एका महाविद्यालयात नव्वदच्या दशकात शिकलो. प्रयोगशाळेत चपला बाहेर काढून जायचो, कारण धुळीनं मशीन बिघडतं असं सांगितलं जायचं. सप्टेंबर १९९६ मध्ये मुंबईत व्हीएलडीबी झाली. डेटाबेस या विषयातली ही जगातली अग्रगण्य परिषद १९७५ पासून देशोदेशी भरत आली आहे. त्या वर्षी ती आपल्याच राज्यात आली होती आणि तिच्या पेपरांच्या ग्रंथाचे एक संपादक मुंबई आयआयटीचे नंदलाल सारडा होते. त्याच सत्रात आम्ही डेटाबेसचा विषय शिकत होतो. पुस्तकातले सिद्धांत लिहिणारी माणसं कोपरगावहून एका रात्रीच्या एसटी प्रवासावर जमली होती, आणि आमच्या वर्गात कुणाला पत्ता नव्हता. त्याची रुखरुख मला आजही आहे.

संगणकशास्त्रात परिषदेला एवढं महत्त्व का, हे इथं सांगायला हवं, कारण इतर शास्त्रांतल्या लोकांना ते पटकन पटत नाही. रसायनशास्त्रात किंवा वैद्यकात परिषद म्हणजे भेटीगाठी. खरं काम छापायचं ते नियतकालिकात. संगणकाचं तंत्र मात्र इतक्या वेगानं बदलत होतं, की नियतकालिकात छापून यायला दोन-तीन वर्षं लागली तर निष्कर्ष शिळा व्हायचा. म्हणून साठच्या दशकाच्या अखेरीपासून या शास्त्रानं वेगळी रीत पाडली. ऑपरेटिंग सिस्टिमवरची एसओएसपी १९६७ ची, गणनसिद्धांतावरची स्टॉक १९६९ ची, आज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे सर्वतोमुखी झालेली न्यूरिप्स १९८७ ची. अशा परिषदांत पूर्ण पेपर ठरलेल्या तारखेच्या आत द्यायचा, त्या विषयातल्या तीन-चार जाणकारांनी तो वाचायचा, लेखी मत द्यायचं, आणि आलेल्यांपैकी थोडेच निवडायचे. न्यूरिप्समध्ये साधारण चारातले तीन पेपर परत जातात. भारतातही ही रीत १९८१ पासून आहे; एफएसटीटीसीएस ही सैद्धांतिक संगणकशास्त्राची परिषद त्या वर्षी सुरू झाली.

आमच्या भागात संशोधनाचा विषय निघाला तो बऱ्याच पुढे, एम.ई.चे वर्ग वाढले तेव्हा. त्याच सुमारास, जून २०१० मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाची नवी नियमावली आली आणि तिच्याबरोबर ‘एपीआय’ हा शब्द स्टाफरूममध्ये आला. पदोन्नतीसाठी गुण मोजले जाऊ लागले. आंतरराष्ट्रीय परिषदेत पेपर वाचला तर १० गुण, राष्ट्रीय परिषदेत साडेसात, राज्य पातळीवर ५, महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या पातळीवर ३. शिक्षकांनी संशोधनाकडे वळावं हा त्यामागचा हेतू चांगला होता. पण त्या तक्त्यात एक फट राहिली. जगातल्या पहिल्या पाचांत बसणारी परिषद आणि गेल्या महिन्यात स्थापन झालेली परिषद, दोन्ही ‘आंतरराष्ट्रीय’ असतील तर दोघींना गुण सारखेच होते. फलकावरच्या एका शब्दाला अडीच ते सात गुणांचं मोल आलं. मग फलकांवर तो शब्द दिसू लागला.

पीएच.डी.च्या नियमांनी यात भर घातली. २०१६ च्या नियमावलीप्रमाणे प्रबंध सादर करण्याआधी नियतकालिकात एक पेपर आणि परिषदांत दोन सादरीकरणं सक्तीची झाली. संगणकशास्त्रात ज्या परिषदेत पेपर लागणं हेच मोठं यश, तिथला पेपरही नियमाच्या लेखी नुसतं ‘सादरीकरण’ ठरत होता. मुलं मला विचारायची, ‘सर, अवघड परिषदेला पाठवून वर्ष कशाला घालवायचं? दोन्हीकडं धरतात तर सारखंच.’ मला तेव्हा उत्तर सुचत नसे.

या वातावरणात देशभर परिषदांचं पीक आलं. काही परिषदा प्रामाणिक होत्या, काही हौशी होत्या आणि काही निव्वळ धंदा होत्या. धंदेवाईकांची ओळख सोपी होती. ‘आदरणीय प्राध्यापक’ अशी सुरुवात असलेला मेल, विषयाच्या यादीत संगणक, स्थापत्य, व्यवस्थापन आणि फार्मसी एकत्र, आणि अठ्ठेचाळीस तासांत स्वीकृती. जगातही तेच चाललं होतं. २००५ मध्ये एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी सायजेन नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तो निरर्थक वाक्यांचा पेपर तयार करायचा, आणि तसा एक पेपर एका परिषदेनं स्वीकारलाही. २०१४ मध्ये सायजेननं रचलेले १२० हून अधिक पेपर स्प्रिंगर आणि आयईईई या नामवंत प्रकाशकांच्या संग्रहांत सापडले आणि त्यांना ते काढून टाकावे लागले. मोठ्या प्रकाशकाचा शिक्का असला म्हणजे कुणीतरी पेपर वाचलाच असेल, असं धरून चालता येत नाही, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयानं हैदराबादच्या ओमिक्स समूहाला पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. नामवंत शास्त्रज्ञ आमच्या परिषदेला येणार असं खोटं भासवल्याचा मुद्दाही त्या खटल्यात होता.

महाराष्ट्रात चांगली बाजूही उभी राहत होती. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१५ साली आयसीसीयूबीईए ही परिषद सुरू झाली. डिसेंबर २०१६ मध्ये जळगावला संदेशप्रक्रिया आणि संगणनावर आयईईईची परिषद झाली. आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये संगमनेरच्या अमृतवाहिनीत संपर्क आणि संगणन तंत्रज्ञानावरची आयसीएसीसीटी भरली. तिचे पेपर आयईईईच्या एक्सप्लोर या डिजिटल ग्रंथालयात गेले. जगात कुठंही बसून ‘संगमनेर, इंडिया’ असं लिहिलेलं ते पान उघडता येतं. २०१२ चा पेपर हरवलेल्या माझ्यासारख्या माणसाला याची किंमत विचारा. पेपर टिकतो, शोधला की सापडतो, दुसऱ्याला त्याचा आधार घेता येतो किंवा त्यातली चूक दाखवता येते. एवढं झालं तरच त्याला प्रकाशन म्हणायचं.

त्याच २०१८ च्या मार्चमध्ये आमच्याच विद्यापीठातून एक अभ्यास आला आणि देशभर खळबळ झाली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन, शुभदा नागरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतली नियतकालिकं तपासून ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष मांडला. विद्यापीठांनी सुचवलेल्यांपैकी त्यांनी तपासलेल्या १,००९ नियतकालिकांत ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाली. मे महिन्यात आयोगानं ४,३०५ नावं यादीतून काढली. २०१९ मध्ये यूजीसी-केअर यादी आली आणि तिचं कामही पुण्याहूनच चालू लागलं. ही साफसफाई मुख्यतः नियतकालिकांची होती. परिषदांसाठी आमच्याकडे एकच कसोटी राहिली: ‘सर, स्कोपसला आहे का?’ २०१६ पासून संस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीत स्कोपस या सूचीतले पेपर मोजले जाऊ लागले होते, त्यामुळे व्यवस्थापनाचाही हाच प्रश्न असायचा. कसोटी आधीपेक्षा बरी होती, पण अपुरी होती. पेपर कुठं नोंदवला गेला एवढंच ती सांगते. तो कुणी वाचला का, हे सांगत नाही.

हा फरक मला एका विद्यार्थिनीनं शिकवला. संगमनेर तालुक्यातल्या टोमॅटो करणाऱ्या घरातली मुलगी. तिच्या गटानं पानाच्या फोटोवरून रोग ओळखणारं मॉडेल केलं. त्यासाठी प्लांटव्हिलेज हा खुला फोटोसंग्रह वापरला. त्यात ५४ हजारांहून अधिक फोटो आहेत, पण पिकं १४च. आमच्याकडचं डाळिंब नाही, कांदा नाही, ऊस नाही. टोमॅटो आहे, म्हणून टोमॅटो घेतला. अचूकता आली ९९ टक्के. एका परिषदेनं आठवड्यात पेपर घेतला, तो स्कोपसमध्येही आला. सगळे खूश होते.

मी तिला म्हटलं, ‘अगं, हेच काम थोडं वाढवून एखाद्या कडक ठिकाणी पाठवून बघ.’ तिनं पाठवलं. अडीच महिन्यांनी नकार आला. सोबत तिघांची मतं होती, जवळजवळ दोन पानं. एकानं विचारलं होतं: या संग्रहातले फोटो एकेक पान तोडून, साध्या पार्श्वभूमीवर ठेवून काढलेले आहेत, शेतात उभ्या पिकावर हे मॉडेल चालतं का? याच संग्रहावर २०१६ मध्ये ज्यांनी ९९ टक्क्यांचा निकाल पहिल्यांदा मांडला, त्यांनीच वेगळ्या परिस्थितीतल्या फोटोंवर अचूकता ३१ टक्क्यांवर आल्याचं लिहिलं आहे, ते तुम्ही वाचलं का?

आम्ही वाचलं नव्हतं. मीही नाही. पेपरातला मोठा आकडा आम्ही उचलला होता आणि पुढचा परिच्छेद सोडून दिला होता.

ती सुट्टीत घरी गेली आणि मोबाइलवर रानातल्या झाडांचे फोटो काढू लागली. सकाळी दव असताना, दुपारी कडक उन्हात, फवारणीनंतर पानावर पांढरे डाग असताना. वडील शेजारी उभे होते. ते म्हणाले, ‘औषधाचा डाग आन् करप्याचा डाग याला वेगळा कळतो का गं?’ तिनं मॉडेल चालवून पाहिलं. नाही कळलं. औषधाच्या डागांना ते सरळ करपा म्हणत होतं. अचूकता निम्म्याच्याही खाली गेली. परदेशातल्या कुठल्या अनामिक परीक्षकानं आणि बांधावर उभ्या असलेल्या तिच्या वडिलांनी एकच प्रश्न विचारला होता. आधीच्या परिषदेत तो कुणीच विचारला नव्हता.

पुढचं वर्ष तिनं फोटो जमवण्यात घालवलं. गावातल्या सहा शेतांतले फोटो, प्रत्येकावर वेळ, पिकाचं वय, शेवटची फवारणी कधी झाली याची नोंद. अचूकता ९९ वर पुन्हा कधीच गेली नाही. पण तो पेपर एका मोठ्या परिषदेबरोबर होणाऱ्या छोट्या कार्यशाळेत लागला आणि सादरीकरणानंतर तिला वीस मिनिटं प्रश्न विचारत होते. ऑनलाइन सत्र होतं. मी तिच्या शेजारी, कॅमेऱ्याच्या बाहेर बसलो होतो. सहा मिनिटांच्या माझ्या त्या भाषणाची आठवण येऊन डोळे भरून आले.

ही कार्यशाळांची वाट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. मोठ्या परिषदांच्या आगेमागे एकेका विषयाच्या कार्यशाळा होतात. तिथं नवख्यांचं काम वाचलं जातं, आणि वाचणारे त्याच मोठ्या परिषदांतले असतात. पुण्यात एल३क्यूब या गटानं हेच केलं. पीआयसीटी या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी रविराज जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली सुमारे १६ हजार मराठी ट्वीट्स भावनेनुसार वर्गीकृत केले आणि महासेंट हा संग्रह २०२१ च्या वासा कार्यशाळेत मांडला. पुढच्या वर्षी मराठी मजकुराचा महाकॉर्पस आणि त्यावर शिकवलेलं महाबर्ट हे मॉडेल आलं, तेही एका कार्यशाळेतूनच. आज मराठीवर काम करणारा कुणीही या नावांशिवाय पुढे जात नाही. हे पेपर वाचायला पैसे पडत नाहीत. आणखी एक गोष्ट मी वर्गात आवर्जून सांगतो. २०१७ च्या न्यूरिप्समध्ये ‘ट्रान्सफॉर्मर’ची रचना मांडणारा पेपर आला, ज्यावर आजची सगळी बोलकी मॉडेलं उभी आहेत. त्याच्या आठ लेखकांपैकी निकी परमार पुण्याच्या पीआयसीटीत शिकलेल्या. आमच्या मुलांच्या गुणपत्रिकेवर ज्या विद्यापीठाचं नाव, त्याच विद्यापीठातून त्या पुढे गेल्या.

या काळात दारंही उघडत गेली. २०२० मध्ये अदिस अबाबाला होणारी आयसीएलआर ही मशीन लर्निंगची परिषद कोविडमुळे ऑनलाइन झाली, आणि विमानाचं तिकीट न काढता लोणीच्या वसतिगृहातून परिषद ऐकता येते हे मुलांना कळलं. नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीनं प्रबंधाआधीची पेपरची सक्ती काढली. २०२५ च्या फेब्रुवारीत केअर यादी बंद झाली आणि निवडीची जबाबदारी संस्थांवर आणि आमच्यावर आली. नियतकालिकं वाचायला देणाऱ्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या सरकारी योजनेचा पहिला टप्पा सरकारी संस्थांपुरता आहे, त्यामुळे आमच्यासारखी खासगी महाविद्यालयं अजून बाहेर आहेत. ग्रामीण भागातल्या मुलांसाठी ही योजना लवकर विस्तारावी, असं मला मनापासून वाटतं.

यादी गेली तेव्हा बरेच सहकारी घाबरले. ‘आता कुठं पाठवायचं ते कोण सांगणार?’ मी त्यांना म्हणतो, परिषदेचे मागच्या तीन वर्षांचे पेपर उघडा आणि त्यातले दोन पूर्ण वाचा. समितीतली चार नावं डीबीएलपी या संगणकशास्त्रातल्या पेपरांच्या सूचीवर शोधा. ती माणसं स्वतः कुठं लिहितात ते दिसेल. ऑस्ट्रेलियातून निघणारी परिषदांची कोर क्रमवारी बघा, पण तिच्यावर थांबू नका. पेपर दिल्यापासून निर्णयापर्यंत किती दिवस जातात ते मोजा. आणि आधी तिथं पाठवलेल्या एखाद्याला विचारा: लेखी मत परत मिळतं का? नकार आला तरी ते मिळत असेल, तर ती परिषद तुमच्यासाठी काहीतरी करते आहे.

नकारानं खचायचं कारण नाही, हेही तितकंच खरं. २०१४ मध्ये न्यूरिप्सनं स्वतःचीच परीक्षा घेतली. १६६ पेपर दोन स्वतंत्र समित्यांना दिले. साधारण चौथ्या हिश्श्याच्या पेपरांवर दोघींचं जमलं नाही. एकीनं घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक दुसरीनं नाकारले. इतक्या मोठ्या ठिकाणीही होकारात नशिबाचा वाटा असतो. पण मिळालेला प्रश्न मात्र आपला होतो. तो पुढच्या कामात राहतो.

२०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. माझ्या जुन्या प्रमाणपत्रांवर अहमदनगर आहे, नव्या पेपरांवर नवं नाव असेल. येत्या सत्रात नवी तुकडी येईल आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी परिषदांची यादी मागेल. यादी मी नंतर देईन. आधी त्या विद्यार्थिनीच्या परवानगीनं जपून ठेवलेली ती दोन पानं वाचायला देईन, टोमॅटोच्या पेपरला आलेल्या नकाराची.